सत्तर लिटरची टाकी

शनिवार, १४ मार्च. हिल्सबरो

गाडीची नवी पेट्रोलची टाकी आली. ॲल्युमिनियमची, सत्तर लिटरची, खास माप देऊन करून घेतलेली. आणि बसली नाही.

पुठ्ठ्याचा नमुना छान बसला होता. मीच कापला, सीटमागच्या चौकटीत मीच सरकवला आणि तीच मापं वेल्डरला दिली. आज पाहिलं तर त्या नमुन्याचा एक कोपरा मुडपलेला. पुठ्ठा मुडपतो, ॲल्युमिनियम नाही. तीन वर्षं ही गाडी किटमधून जोडतोय, आणि एवढं सुचू नये?

शेजारची सीट चार इंच पुढे घेतली तर टाकी बसते. माझी बायको मीना हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती, तिला युनिफॉर्ममध्येच बसवून पाहिलं. गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"मावते रे मी. पण पार दक्षिण टोकाला, ब्लफला, मी येणार आहे की तुझी टाकी?"

"सारखं थांबायला नको म्हणून..."

"घाई कोणाला आहे? रिटायर झालास ना तू?"

हसत आत गेली. मी तसाच स्टिअरिंग धरून बसलो. गॅरेजमध्ये ऊन आलेलं. डोळ्यांसमोर नेहमीचंच स्वप्न: ब्लफच्या वाटेवरचा कैकोराचा रस्ता, डावीकडे समुद्र, आणि शेजारी मीना झोपलेली, पाय लांब सोडून. इतक्या वेळा पाहिलंय हे, पण त्यात पेट्रोलचा काटा कधीच दिसलेला नाही.

वेल्डरला फोन केला, टाकी चार इंच कमी कर म्हणालो.

"स्वीट ॲज, होऊन जाईल. पण पन्नासच लिटर मावतील."

चालतील म्हणालो. मग सीट मागे सरकवली आणि बोल्ट घट्ट आवळले.