आठ मिलिमीटरची गाठ

ताई, तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, पण घाबरू नकोस. आठ मिलिमीटरचा, पॅपिलरी प्रकारचा, म्हणजे बहुतेक वेळा सावकाश वाढणारा. सगळे प्रकार मी स्वतः वाचून काढले. 'आला मोठा डॉक्टर' म्हणशील. खरे डॉक्टर म्हणाले, "एवढीशी तर आहे! कापायची घाई नको, लक्ष ठेवू."

एवढीशी? लेथवर केसभर चूक झाली तरी मी घडवलेला अख्खा भाग भंगारात टाकतो. काल कारखान्यात मापाचा व्हर्नियर आठ मिलिमीटरवर लावून पाहिला, तर कानावरची पेन्सिल त्या फटीतून आरपार गेली.

आईला कळू देऊ नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

'यायची गरज नाही' असं वर दोनदा लिहून खोडलंय. ताई, तू ये.

तुझा हट्टी भाऊ