तातायचं ताट

प्रिय दोदोंग,

हे पत्र तुझ्या जहाजाला कुठल्या बंदरात गाठेल कोण जाणे. "परत येताना नानायला सेबूला घेऊनच ये, आईला तिथं एकटी ठेवू नकोस," असं तू बजावलं होतंस. विसरले नाहीये. त्याचं सांगतेच, आधी बेटाचं ऐक.

वादळानं शेंडे मोडलेले माड अजून तसेच उभे आहेत, पण केळी पुन्हा पोटरीएवढ्या जाड झाल्यात. सकाळी समुद्र इतका गुपचूप पडलेला असतो, की यानंच आपल्या बापाला, तातायला नेलं हे खरं वाटत नाही. सेबूहून आलेल्या आम्हा स्वयंसेवकांचं काम छपरं घालायचं. वर पत्रा धरून बसलं, की वारा लागून माझे डोळे मिटतात आणि खालून मनोय बेर्तिंग, आमचा म्होरक्या सुतार, ओरडतो, "इंदाय, खिळे ठोकतेस की अंगाई गातेस?" इथं मला मारिविक कुणी म्हणतच नाही, सगळ्यांची मी 'इंदाय', पोरगीच.

नानाय यायला लगेच तयार झाली. गाठोडंसुद्धा बांधलं. मला नवलच वाटलं. घरातली सगळी ताटं वाऱ्यानं नेली, म्हणून सगळे मिळून केळीच्या लांब पानांवर जेवतो. तातायचं निळ्या काठाचं तेवढं ताट खाजणातल्या चिखलात सापडलं. नानाय ते रोज शेजारी मांडते आणि चार घास झाले की हळूच फिरवते. जेवणातून कुणी उठून निघालं, तर मागच्यांनी ताटं फिरवायची, म्हणजे तो सुखरूप पोचतो; लहानपणी तू मुद्दाम फिरवायचा नाहीस आणि मार खायचास. वादळाच्या संध्याकाळी ताताय होडी नीट बांधून ठेवायला भरल्या तोंडानं उठला, आणि नानायचा हात ताटाला लागायच्या आत छप्परच गेलं. "उशीर झाला खरा," ती म्हणते, "पण वाटेतच असेल ना अजून?"

परवा दुपारच्या होडीनं आम्ही दोघी निघणार होतो. बाकीचे जेवत होते. नानाय गाठोडं घेऊन उठली, तशी शेजारची तिया पासिंग म्हणाली, "अगं, उठलीस खरी, पण फिरवायचं काय आम्ही? हे लांबलचक पान फिरवलं तर सगळा भात बेर्तिंगच्या मांडीवर!" सगळे खो खो हसले. नानायही हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "इंदाय, मी गेले तर त्याचं ताट कोण फिरवेल गं?" मी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. बेर्तिंगनं उठून होडीवाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

तेव्हा दोदोंग, सेबूच्या घरी आम्हाला शोधू नकोस. नानाय येणार नाही आणि मीही इथंच राहतेय. खुशाल रागाव. काल जेवताना तिचा डोळा लागला, म्हणून ताट मी फिरवलं. तातायसाठी फिरवलं, आणि मग कुणी बघत नाही असं बघून तुझ्यासाठीही. मला तुझी फार आठवण येते रे. सुट्टी मिळाली की ये. जेवायच्या वेळेलाच ये, आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठू नकोस.

तुझीच,
मारिविक