गानिम कुणाचा माणूस

पलीकडचं बंदर
४ रजब १३५८ (साहेबाच्या हिशोबाने २० ऑगस्ट १९३९)

चि. मौझा हिला बाबाचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. इथली हवा म्हणजे भट्टी. साहेबाची बायको शहाणी, ती थंड डोंगरात निघून गेली. साहेब आणि मी कचेरीत शिजतो आहोत. तुझे पाय सुजतात असं लिहिलंस, तर सुईणीला दाखव, लाजत बसू नकोस. पहिलटकरणीला सगळ्या जणी सल्ले देतात, त्यातला एकही ऐकू नकोस. सुईणीचं तेवढं ऐक.

गानिमने कॉफीच्या दुकानातला रेडिओ बंद केला का? बर्लिनहून तो अरबी बोलणारा इंग्रजांना शिव्या घालतो आणि जावईबापू त्यावर आपली फोडणी घालतात, हे समुद्र ओलांडून इथवर आलंय. त्याला सांग, जीभ हाडाची नसते, पण तिच्यापायी हाडं मोडतात.

इथे काय काम करता, असं विचारलंस. मी लढाईसाठीचा कायदा अरबीत उतरवतो आहे, शेखांनी शिक्का मारायचा म्हणून. लढाई अजून लागलेली नाही. पण साहेब म्हणतो, कायदा आधी लिहून खणात ठेवायचा. तार आली की नुसती तारीख घालायची. आपल्याकडे माणूस आजारी पडायच्या आधी कोणी कफन शिवत नाही. यांच्याकडे शिवतात, आणि मापही घेऊन ठेवतात.

आता जे लिहितो ते नीट वाच. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेखांच्या बैठकीत काय झालं ते तुला बायकांकडून कळलं, म्हणजे अर्धंच कळलं. गानिमने शेखांच्या जकातीवरून विनोद केला आणि त्याला धरून आणलं. शेख काठीच काढणार होते. सुवैलिमचा पाय तू पाहिलायस, तो अजून सरळ पडत नाही. तेवढ्यात शेखांनी विचारलं, हा माझा माणूस की साहेबाचा? आपली रीत तुला माहीत आहे. ज्याचा बाप आपल्या विहिरीच्या पाण्यावर वाढला तो शेखांचा; बाहेरचा असेल तर तो साहेबाच्या कोर्टात जायचा. आणि ते ठरवायला एका वडीलधाऱ्याची शपथ पुरते.

मी उठलो. गानिमचा बाप इराणच्या किनाऱ्यावरच्या लिंग्याहून आईच्या कडेवर आला, आपल्याच विहिरीवर वाढला आणि आपल्याच समुद्रात मोती काढताना बुडाला, हे मला ठाऊक होतं. तरी मी शपथेवर सांगितलं की त्याचा बाप दाढीमिशा फुटल्यावर आला; हा मुलगा बाहेरचा. शेखांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पण या मुबारकच्या शब्दावर त्या बैठकीत आजवर कोणी शंका घेतलेली नाही. साहेबाच्या कोर्टात वकील असतो, साक्षी असतात, वर दाद मागता येते. गानिम त्याच दिवशी नुसत्या तंबीवर सुटला, आणि दारात येऊन मला म्हणाला, "काका, मला इंग्रज केलंत, आता टोपी पण घेऊन द्या." आपण किती हसलो होतो.

मौझा, मी त्याला आगीतून काढून फुफाट्यात टाकलंय. शेखांनी या कायद्याला एकच अट घातली: "माझं कुत्रं चावलं तर मी त्याला मारीन. शेजाऱ्याने काठी उचलायची नाही." म्हणजे शेखांच्या माणसाला या भूमीवरून कोणी हलवू शकत नाही. बाहेरच्याला मात्र साहेबाची एक सही पुरे. कोर्ट नाही, वकील नाही, दाद नाही. उचलायचं आणि बोटीवर घालून कुठल्या तरी तुरुंगात पाठवायचं. काल साहेबाने मला सहज विचारलं, "तो कॉफीवाला आमच्याकडचाच ना? शपथ तूच घेतली होतीस." मी मान डोलावली.

म्हणून तू शेखांच्या आईकडे जा. पोट पुढे काढून जा, ती म्हातारी विरघळते. तिला सांग, माझ्या बापाने खोटी शपथ घेतली. विहिरीवरचा म्हातारा खलफान अजून शुद्धीवर आहे, तो साक्ष देईल. शेख रागावतील, गानिमला काठी बसेल, पण तो तुझ्याजवळ राहील. तारीख पडायच्या आत हे व्हायला हवं. तारीख पडली की शेखांचाही इलाज नाही. माझं काय होईल याचा विचार करू नकोस. गानिमला आधी सांगू नकोस, तो जाऊ देणार नाही.

हे पत्र नाखवा सालमीनच्या हाती देतो. वाचून जाळ.

तुझा बाप,
मुबारक


पलीकडचं बंदर
२९ रजब १३५८

मौझा,

सलाम. तुझं पत्र मिळालं. गानिमला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं पत्र तुझ्या हातात पडलं असं लिहितेस, आणि विचारतेस की वारा पडला होता का.

आधी गानिमचं सांगतो. त्याची बोट इथे पाणी भरायला थांबली. हुकूम त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायला हवा होता आणि इथे तेवढी अरबी येणारा मीच. मी डेकवर गेलो. त्याला मारलेलं नाही, हात मोकळे होते, दाढी वाढली होती. मी वाचलं. माझेच शब्द होते, मीच निवडलेले, कुठे अडखळायचं कारण नव्हतं, तरी दोनदा अडखळलो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही रडू नका. तुम्ही मला वाचवायला तुमची शपथ खर्च केलीत. सख्खा बापही करत नाही एवढं." आणि म्हणाला, मौझाला सांगा, मूल झालं की कळवा. कुठे कळवायचं ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. बोट मुंबईच्या दिशेने गेली, पुढचं कोणी सांगत नाही. साहेबाला विचारलं तर म्हणाला, लढाई संपल्यावर बघू.

मी त्याला खरं सांगितलं नाही. तुला सांगतो.

वारा पडला नव्हता. सालमीन ठरल्या दिवशी निघाला आणि वेळेत पोचला. मी पत्र घेऊन धक्क्यावर गेलो होतो. त्याने हात पुढे केला आणि मला शेखांची बैठक दिसली. मी आत येतो, सगळे सरकून जागा देतात, कॉफीचा पहिला पेला माझ्याकडे येतो. या पत्रानंतर ते सगळं संपणार होतं. मी सालमीनला म्हणालो, पुढच्या खेपेला देतो. लढाई लागेलच कशावरून, असं मी स्वतःला समजावत राहिलो. पत्र उशीखाली ठेवून मी त्यावर डोकं टेकत होतो, आणि झोप लागत होती, हे सर्वांत वाईट. तार आली तेव्हा साहेबाने तारीख घालायला लेखणी माझ्याच हातात दिली. ती घातली, आणि मग धावत जाऊन पत्र दिलं.

नोकरी सोडली आहे. सालमीनच्याच बोटीने येतोय. बैठकीत उभा राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे, की शपथ खोटी होती. गानिमला त्याचा आता काही उपयोग नाही. पण तुझं मूल कुणाचं, हे उद्या कोणी विचारलं तर त्याला बाहेरचं म्हणता येऊ नये.

तू दार उघडावंस असं मी लिहीत नाही. तेवढा अधिकार मला उरलेला नाही.

जिने बापाच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही, त्या मुलीचा,
मुबारक