दारावरचं नाव

सर,

तुम्हाला लिहायचं मी आठ दिवस टाळतोय. आधी पेन नव्हतं. मग चहाला गेलो, तर चहावाल्यानं पाटीच रंगवायला बसवलं. तेलुगू अक्षरं, गोल गोल, त्यात दोन दिवस गेले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आता कसली घाई, असंही स्वतःला सांगून झालं.

आदिलाबादजवळच्या तलमडुगूतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही उजेडाकडे तोंड करून चित्र काढताय आणि ब्रश मागच्या दाराला पुसताय. काकू भाकरी थापता थापता ओरडतात, "दारालेच काऊन पुसून राह्यले जी? फडके काय मेले?" तुम्ही म्हणता, "फडकं धुवा लागते. दार थोडीच धुवा लागते?" त्या दिवशी मी कॅलेंडरवरचा बर्फाचा डोंगर हुबेहूब उतरवून आणला होता, शाबासकीच्या आशेनं. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. "हे तं कॅलेंडरवाल्याचं हाय. याच्यात तुहं काय हाय? वाकडा काढ, लाल काढ, पण तुह्या डोळ्यानं पाय." मग मी आपल्या शाळेमागची टेकडी काढली, लालभडक. तुम्ही बारीक ब्रश माझ्या हातात दिलात, तो परत घेतलाच नाहीत. "खाली नाव टाक. माह्या बापानं जिंदगीभर तहसीलीत अंगठाच लावला. गावानं त्याले कधी नावानं हाक नाही मारली, 'ए सालदार' म्हणे."

पुढं मी नागपूर, बडोदा करत, कुठंच धड न शिकता हैदराबादला येऊन पडलो. इथली चित्रकार पोरं म्हणतात, तुझ्या सरांचा जमाना संपला. 'माझी नजर, माझी रेघ' हे सगळं जुनं झालं. कॅलेंडर, सिनेमाचं पोस्टर, मोडकी खुर्ची, जे आहे ते उचला, शेजारी शेजारी मांडा, आणि कोणाचं हे विचारूच नका. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. माझा बर्फाचा डोंगर इथं भिंतीवर लागला असता! आणि ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. तुमचं दार मला त्यांच्यामुळंच आठवलं. कित्येक वर्षांचे फटकारे, तुम्ही न बघता मारलेले. रागावू नका, तुमच्या चित्रांहून मला ते जास्त आवडतं.

प्रदर्शनासाठी दार मागायला गेलो तर काकू हसल्या. "ने बाबू. पण त्याले पाहाले कोण येते?" बसच्या टपावर बांधलं, तर कंडक्टर म्हणतो, "घर कुठी राह्यलं?" आता ते इथल्या प्रदर्शनात उभं आहे. लोक मान तिरकी करून पाहतात. शेजारी कार्ड आहे, त्यावर इंग्रजीत माझं नाव. मी पोरांना म्हटलं, कोणाचं ते विचारायचं नाही, मग माझं तरी कशाला? "रिवाज है यार," म्हणाले. ज्यांच्या घरात आज्यापासून सह्या चालत आल्या, त्यांना नाव सोडणं सोपं असेल, असं मनात आलं. कार्ड बदलायला दोन मिनिटं लागली असती. बदललं नाही, कारण लोक येऊन माझा हात हातात घेत होते आणि मला ते बरं वाटत होतं.

एवढं कबूल करायचं होतं. हे पाठवणार तरी कुठं, म्हणून घडी घालत होतो, तेवढ्यात वॉचमन सांगत आलाय. आदिलाबादच्या बसनं एक म्हातारी आलीय, एकटीच. काकूच असणार, दुसरं कोण येईल! तुमच्या दारासमोर उभी आहे म्हणे, आणि येईल त्याला कार्डावरचं इंग्रजी वाचून दाखवायला सांगतेय.