उदबत्तीपुढचा त

तासगाव. रविवार, दिवेलागण.

कोरियन शिकायला मला मास्तर लागला नाही. पण त्यांच्या ‘लेक’ या शब्दाच्या पहिल्याच अक्षराशी अडलोय. आपला त नव्हे, थ नव्हे, तिसराच आवळलेला त. तोंडासमोर उदबत्ती लावून बघितलं: थ म्हटला की श्वासानं धूर हलतो. आपला त आणि हा त, दोन्हींपुढे हलत नाही. मग कानानं ओळखायचं कशावरून? पुढच्या रविवारी लेकीच्या कोरियन सासूबाईंशी मीच बोलणार, असं सांगून बसलोय!

फोनवर लेक हसली, “आबा, तुमचं कान लय हट्टी हायेत!” मग त्यांच्या भाषेत सावकाश म्हणाली, “आमची लेक.” मी डोळे मिटले. दोन शब्दांच्या मधे तिनं क्षणभर दम धरला. लहानपणी विहिरीत उडी टाकण्याआधी धरायची, अगदी तसाच.

आला ऐकू, तो तिसरा त.

“परत म्हण,” म्हणालो. गरज नव्हती खरं तर. धूर सरळ वर चालला होता.