दिलीपचा तिसरा दात

गुरुवार, संध्याकाळ. अल हिलाल, आखातातला आमचा कामगार कॅम्प.

दिलीपने आज पुन्हा पकडीने स्वतःचा दात तोडला. चांगला धडधाकट दात. हा तिसरा. आम्ही एका खोलीत राहतो. तो इलेक्ट्रिशियन, मी ड्रायव्हर. दवाखान्यातल्या फ्रेंच डेंटिस्ट बाईंवर त्याचा जीव जडलाय, आणि दात मोडल्याशिवाय त्यांच्यासमोर बसायला मिळत नाही.

मीच गाडीतून नेलं. दुसरं काय करणार? तोंडातून रक्त येत होतं आणि हा आरशात बघून भांग पाडत होता.

बाईंनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत हळूच विचारलं, "याला कोणी मारतं का? खरं सांगा."

खुर्चीतून दिलीपने माझ्याकडे बघून हात जोडले. खरं सांगितलं तर त्या याला दारात उभं करणार नाहीत. मग हा जिवाचं काय करून घेईल? आणि लपवलं तर?

"कामावर पडला, मॅडम," मी म्हणालो. चुकलं का माझं? कळत नाही.

परतताना दिलीप खुशीत होता. "दादा, बघितलंस? काळजी करती माझी."

"दिलीप, खलास कर आता हे. तीन दात गेले."

"वरचे गेले," तो म्हणाला. "खालचे सगळे हायेत की अजून."