लोहचुंबक आणि लाल टू-सीटर

३ मार्च, सकाळी ६.४०
ठरलं! जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची. लाल, दोन सीटची, टप उघडणारी. साडूही तसलीच शोधतोय म्हणे. त्याच्याआधी माझ्या दारात उभी राहिली पाहिजे. ही ऊठसूट त्याचं कौतुक करते, ते एकदाचं बंद होईल.

५ मार्च
भरपूर वाचलं. खरा शत्रू गंज. लबाड लोक गंजावर पुट्टी भरून रंग मारतात. पत्र्याला चुंबक चिकटतं, पुट्टीला नाही. फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकलं. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

९ मार्च
पहिली गाडी. चुंबक दारावरून घसरलं. मालकाला तोंडावर चोर म्हणालो. त्याने कुत्रा सोडला.

१४ मार्च
दुसरी. चुंबक चिकटलं, पण मी आत मावेना. इंग्रज खुजे असावेत. पारख करायला सोबत नेलेला मेकॅनिक हसला. मूर्ख आहे.

२१ मार्च, दुपारी
तिसरी. एका निवृत्त दातांच्या डॉक्टरची. लाल! श्वास रोखून आत बसलो, पहिल्या चावीला सुरू झाली. जीव जडला. पण चुंबक? दाराला नाही, बॉनेटला नाही, कुठ्ठेच नाही! अख्खी गाडी पुट्टीची! म्हाताऱ्याला अंगणातच झापलं. तो ॲल्युमिनियमची बॉडी वगैरे पुटपुटत होता. म्हटलं, ॲल्युमिनियमचे डबे असतात, गाड्या नाही. मेकॅनिक त्याचीच री ओढायला लागला. कमिशन खात असणार. त्याच्याशी संबंध संपला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
साडूला फोन करून मोठ्या मनाने सांगितलं, अमुक पत्त्यावर चुकूनही जाऊ नका, चुंबक चिकटत नाही. त्याने पत्ता दोनदा विचारून लिहून घेतला. चांगलाच घाबरलाय.

२९ मार्च, संध्याकाळी ५
साडूने घेतली. तीच! ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणून तर सोडली नाही म्हणाला. फाटकाशी उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझे आभार मानले. नालायक माणूस. मग हिला म्हणाला, चला, चक्कर मारू. ही गॉगल लावून तयारच होती. मला म्हणाली, दुधाकडे बघा.

६.३०
दीड तास झाला. साडूबरोबर आलेली मेव्हणी पायरीवर माझ्याशेजारी बसलीय. म्हणाली, भाऊजी, तुम्ही फोन केलात म्हणून मिळाली हो. गाडी सुंदर आहे, हे या वहीबाहेर मी कबूल करणार नाही.
कोपऱ्यावर आली वाटतं. ही मोठमोठ्याने हसतेय. माझ्याबरोबर असं हसलेली मला आठवत नाही.